बाबांचा शिधा आणि आल्प्समधली धर्मशाळा

आमच्या पांढुर्ण्यातल्या शेजारच्या मुलीनं परवा विचारलं, ‘मावशी, तुम्ही स्वित्झर्लंडला राहिलात ना? मग तिथल्या डोंगरातल्या झोपड्यांमध्ये मुक्काम करायचा तर काय काय न्यायचं?’ मी सांगितलं, पायात मुरलेले बूट ने, कानटोपी ने, टॉर्च ने, आणि वडीलधारं माणूस सोबत असेल तर पहाटे त्याच्यावर डोळा ठेव. शेवटच्या सूचनेवर ती खो खो हसली. म्हणून हे सविस्तर लिहून काढते आहे. तिलाही उपयोगी पडेल आणि तुमच्यापैकी कुणी जाणार असेल तर त्यालाही.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. माझा नवरा प्रकाश पांढुर्ण्याचा, तेव्हा झुरिचजवळच्या एका यंत्रांच्या कारखान्यात इंजिनिअर होता. मी सौंसरची, संत्र्याच्या बागेत वाढलेली. त्या वर्षी बागेचा बहार असा भरघोस आला की बाबांनी आईला घेऊन आमच्याकडे यायचं ठरवलं. तिकिटं आम्ही पाठवतो म्हटलं, तर पत्राचं उत्तर एका ओळीचं आलं: ‘जावयाच्या पैशानं येणार असीन तर मी सौंसरलेच बरा आहे.’ पोळा आटोपला, बैलं काकांच्या हवाली केली आणि दोघं निघाली. सौंसरहून बसनं नागपूर, तिथून रेल्वेनं मुंबई आणि मग विमान. आईनं विमानात चप्पल काढून पाय वर घेतले होते, हे बाबांनी आल्या आल्या मला सांगून टाकलं.

बाबांची ट्रंक उघडली आणि माझा चेहरा पडला. ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ, तांदूळ, तिखट, हळद. मीठसुद्धा. आमच्याकडं जुनी रीत आहे, लेकीला मूल होईपर्यंत आईबाप तिच्या घरचं अन्न खात नाहीत. राहायला चालतं, जेवायला नाही. आमच्या लग्नाला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. नागपूरचे डॉक्टर झाले, झुरिचचे झाले, घरात पाळणा हलला नव्हता. बाबा त्यावरून मला कधी एका शब्दानं बोलले नाहीत. पण ती मिठाची पुडी पाहिली आणि सगळं बोलून झाल्यासारखंच वाटलं मला.

मग रोजचं ठरून गेलं. शेगडी माझी, पातेलं माझं, पण आतलं सगळं सौंसरचं. आई त्या दोघांपुरता स्वयंपाक करायची. पाण्याचं काय, असं मी एकदा चिडून विचारलं, तर बाबा शांतपणे म्हणाले, ‘नळाचं पाणी सरकारचं असते, बेबी.’ एका रविवारी मी पुरणपोळ्या केल्या. बाबांनी ताट हातात घेतलं, वास घेतला, म्हणाले, ‘पाहूनच पोट भरलं माय,’ आणि ताट प्रकाशपुढं सरकवलं. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. बाहेर हॉटेलात नेऊन पाहिलं, तिथं त्यांनी नुसता लिंबू सोडा घेतला, कारण बिल जावईच देणार.

तेव्हा प्रकाशच्या एका सहकाऱ्यानं डोंगरातल्या झोपडीबद्दल सांगितलं. नाव झोपडी, प्रत्यक्षात दगडी दुमजली घर असतं. डोंगर चढणाऱ्यांच्या मंडळानं बांधलेलं, कुणालाही मुक्कामाला खुलं, रात्री सगळ्यांना एकाच भांड्यातलं जेवण. मी बाबांना म्हटलं, ‘अहो बाबा, म्हणजे धर्मशाळाच की!’ धर्मशाळा म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले. ‘मंग चाला. धर्मशाळेतलं तर कोणीबी खाऊ शकते.’ तुम्हाला खरं सांगते, मला डोंगर बघायची हौस नव्हती. मला बाबांच्या शेजारी बसून एका भांड्यातलं जेवायचं होतं. एवढ्यासाठी मी आईला लुगड्यात आल्प्स चढवले.

चढण

आम्ही ग्लारसच्या बाजूला गेलो. झुरिचहून आगगाडीनं दरीतल्या शेवटच्या स्टेशनापर्यंत, तिथून टपालखात्याची पिवळी बस. ही बस नागमोडी वळणावर भोंगा वाजवते, त्याला एक लहानशी चाल आहे. बाबांना तो इतका आवडला की उतरताना त्यांनी ड्रायव्हरला रामराम घातला. झोपडीत जागा आधी फोन करून ठरवावी लागते. आणि रोख पैसे ठेवा. वर तेव्हा दुसरं काही चालत नव्हतं, अजूनही भरवसा धरू नका.

बस सोडली की पायवाट. दगडांवर पांढऱ्या-लाल-पांढऱ्या रंगाचे पट्टे ओढलेले असतात, ते धरून चालायचं. एक पट्टा दिसला की पुढचा दिसेपर्यंत नजर वर ठेवायची. पाटीवर दोन तास लिहिलं होतं. पाटी लिहिणाऱ्यानं माझ्या आईला चढताना पाहिलं नसावं. आई नऊवारी लुगड्यात, वरून प्रकाशचं जाड जॅकेट, पायात लोकरी मोजे आणि माझे जुने बूट. समोरून येणारे लोक थांबून ‘ग्र्युएत्सी’ म्हणायचे, तिकडचा नमस्कार. आई प्रत्येकाला थांबून हात जोडायची आणि त्या निमित्तानं दम खायची.

बाबा मात्र साठी उलटलेली असूनही सरसर पुढं. मधेच वाकून मातीची चिमूट घ्यायचे, बोटात चुरडून पाहायचे. ‘माती पातळ आहे. खाली सारा गोटाच दिसून राहिला. संत्रा नाही जगणार इथं.’

‘इथं बर्फ पडतो बाबा, संत्रा कशाला लावेल कुणी?’

‘मी कुठं लावून राहिलो? पाहून राहिलो.’

उतारावर गायी चरत होत्या, तांबूस-राखाडी, गळ्यात मोठाल्या पितळी घंटा. बाबा थांबले. एकीच्या कपाळावर हात ठेवून त्यांनी तो आपल्या कपाळाला लावला. आपली बैलं आठवली असणार.

झोपडीतला मुक्काम

वर पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं आणि समोरच्या शिखरांवरचा बर्फ गुलाबी झाला होता. सुंदरच होतं, फोटोत पाहता तसंच. दारातच बूट काढून फळीवर ठेवायचे आणि तिथले नमद्याचे, दाबलेल्या लोकरीचे जोडे घालायचे, असा नियम. आईला हा नियम फार पटला. ‘गोरे लोक आहेत, पण वळण आहे बाई यांना,’ ती म्हणाली.

झोपडी एक धिप्पाड बाई चालवायची, गालांवर लाली, बाह्या कोपरापर्यंत वर सारलेल्या. आईनं तिचं नाव लगेच ‘धर्मशाळावाली’ ठेवलं. वर येणाऱ्या प्रत्येकाला ती एका मोठ्या पातेल्यातून गरम गोड चहा द्यायची, त्याचे पैसे नसत. बाबांनी तो घेतला, फुंकून फुंकून प्यायले. मला वाटलं, जिंकले मी.

निजायची सोय बघून आई हादरली. माडीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत एकच लांब फळी, त्यावर गाद्या, आणि त्यावर बायका-पुरुष सगळे ओळीनं. ‘मी या बाप्याच्या बाजूनं निजू?’ तिनं एका दाढीवाल्या जर्मनाकडं बोट दाखवलं. शेवटी ती भिंतीकडे, मग मी, मग बाबा, मग प्रकाश, आणि प्रकाश व दाढीवाल्याच्या मधे आमच्या सगळ्या पिशव्यांचा बांध. जाणार असाल तर एक सूचना: स्वतःची पातळ चादर शिवून पिशवीसारखी न्या, कारण घोंगड्या सगळ्यांच्या असतात.

मग जेवण. लांब टेबलं, आणि प्रत्येक टेबलावर एक घमेलंभर मॅकरोनी, त्यात बटाटे, चीज, वरून तळलेला कांदा, शेजारी शिजवलेल्या सफरचंदाचा गर. बाबांनी वाकून पाहिलं. ‘शेवयाइत आलू? अन् वरतून मुरब्बा?’ मी वाढायला डाव उचलला. त्याच क्षणी धर्मशाळावाली आली आणि प्रकाशनं खिशातून नोटा काढून तिच्या हातावर ठेवल्या.

बाबांनी ते पाहिलं. पिशवीतून फडक्यात बांधलेल्या दशम्या काढल्या, आईनं सकाळी दुधात पीठ मळून केल्या होत्या त्या. एक स्वतः घेतली, एक आईला दिली. मी म्हटलं, ‘बाबा, ही धर्मशाळा आहे.’

‘धर्मशाळेत दानपेटी असते बेबी, बिल नसते.’

मी डाव ठेवून दिला. इतका राग आला होता मला, आणि रागाखाली जे होतं ते रागापेक्षा वाईट होतं. मला वाटलं, माझं घर या माणसाला कधीच घर वाटणार नाही. मॅकरोनी मी बऱ्यापैकी खाल्ली, रागात मला भूक लागते. चवीला चांगली असते, कांदा जरा जास्त मागून घ्या.

पहाट

आता त्या जागेची एक अडचण सांगायला हवी. झोपडीचा संडास बाहेर, लाकडी खोली, कड्याच्या टोकाला. आत कागद, पाणी नाही. आणि पहाटे डोंगर चढायला निघणारे सगळे त्याच्यापुढं रांगेत. बाबांनी संध्याकाळीच तो पाहून घेतला होता आणि ‘कागदानं?’ एवढंच विचारलं होतं. आयुष्यभर टमरेल घेऊन शेताच्या बांधापलीकडं गेलेला माणूस. उजाडताना त्यांनी प्रकाशची पाण्याची बाटली भरून घेतली, बूट चढवले आणि कुणाला न उठवता बाहेर पडले.

मला जाग आली तेव्हा त्यांची जागा गार होती. खाली आले, दार उघडलं तर बाहेर काहीच नव्हतं. डोंगर नाही, अंगण नाही, दारासमोरचा बाकसुद्धा नाही. नुसतं पांढरं धुकं. मी हाका मारल्या. धुकं हाक गिळून टाकतं, हे मला तेव्हा कळलं. रांगेतल्या एका बाईनं खुणेनं सांगितलं, म्हातारा माणूस बाटली घेऊन उताराकडं गेला, त्याला बराच वेळ झाला.

त्या उताराच्या पलीकडं कडा होता, काल येताना मीच आईला बोट धरून त्याच्यापासून लांब चालवलं होतं. प्रकाश तसाच पळत निघाला, तर धर्मशाळावालीनं त्याचा दंड धरला. जर्मनमध्ये ती काय बोलली त्यातलं मला एवढंच कळलं: एक हरवलाय, दोन नकोत. तिनं झोपडीची घंटा वाजवायला एकाला उभं केलं आणि बाकीच्यांची रांग केली. दोन माणसांत इतकंच अंतर की शेजारचा दिसला पाहिजे. सगळ्यांनी एकदम हाक मारायची, मग सगळ्यांनी गप्प राहून ऐकायचं, मग पुढं सरकायचं. कालची अनोळखी माणसं होती ती, चढाई सोडून आमच्यासाठी रांगेत उभी राहिली. आईनं लुगड्याचा काचा घट्ट केला आणि ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

धर्मशाळावालीनं विचारलं, त्यांचं नाव काय? मी आईकडं पाहिलं. आईनं जन्मात नवऱ्याचं नाव घेतलेलं नाही, उखाण्यातसुद्धा लाजून अर्धं गिळलं असेल. मी नाव सांगायला तोंड उघडेपर्यंत आईनं छाती भरून घेतली आणि हाक दिली:

‘अजीऽऽऽ! ओ अजीऽऽऽ!’

संत्र्याच्या बागेतले पोपट हाकलून हाकलून कमावलेला आवाज होता तो. दाढीवाला जर्मन क्षणभर तिच्याकडं पाहत राहिला, मग त्यानंही तोंडाशी हात धरून हाक दिली, ‘अजीऽऽ!’ मग सगळ्या रांगेनं. त्या पांढऱ्या धुक्यात वीसेक गोरी माणसं माझ्या बापाला बायकोच्या हाकेनं बोलवत होती. आज लिहिताना हसू येतं. तेव्हा मी फक्त मनात म्हणत होते, नका खाऊ माझ्या घरचं, कधीच नका खाऊ, पण सापडा.

हाक, मग शांतता. हाक, मग शांतता. शांततेत नुसत्या दूरच्या गायींच्या घंटा. आई जामसावळीच्या मारुतीला नारळ बोलत होती, आधी एक, मग पाच, मग अकरा. आणि एका शांततेत खालून, उजवीकडून, अगदी बारीक आवाज आला.

‘हाऽऽव! इकडं आहोऽऽ!’

आई मटकन खाली बसली. मी पळाले, रांग, नियम, सगळं विसरून. धर्मशाळावालीनं मला स्वेटरला धरून ठेवलं आणि स्वतः पुढं झाली. एका खोलगट जागेत गायी बसल्या होत्या आणि दोन गायींच्या मधे, एकीच्या पोटाला पाठ लावून, बाबा बसले होते. केसांवर दवाचे थेंब, ओठ निळे, हातात रिकामी बाटली.

आई पोचली आणि तिचं पहिलं वाक्य हे: ‘टमरेल घेऊन इतक्या दूर कायले जा लागते माणसाले?’

बाबांचे दात वाजत होते, तरी त्यांनी खुलासा केलाच. ‘परत फिरलो तं धर्मशाळाच दिसेना. मंग घंटा आइकू आल्या. म्हटलं, पहाटेची गाय कुठं असते? गोठ्यात. गोठा आहे म्हणजे माणूस आहे. म्हणून घंटेच्या मांगं मांगं गेलो. जातो तं गोठाच नाही! रातभर उघड्यावरच ठेवतेत लेकाचे गायीले!’ त्यांच्या रागाचा रोख स्वतःवर नव्हता, त्या बेफिकीर गाय-मालकांवर होता. ‘मंग गाईजवळच बसलो. गाय ऊब देते. अन् तिकडून इतके सारे लोक अजी अजी करून राहिले, मले वाटलं भूतं आहेत. तुह्या मायचा आवाज ओळखला तवा हाव म्हटलं.’

मी हसत होते आणि रडत होते, दोन्ही एकदम. छातीवरून धोंडा उतरला म्हणतात ते काय असतं, हे मला त्या ओल्या गवतात कळलं.

झोपडीत आणून त्यांना चुलीजवळ बसवलं, चार घोंगड्या गुंडाळल्या. धर्मशाळावालीनं वाडगाभर तापलेलं दूध आणि पावाचा मोठा तुकडा माझ्या हातात दिला. बाबांची बोटं वाकत नव्हती, वाडगा धरवेना. मी पाव दुधात कुस्करला आणि चमच्यानं त्यांच्या तोंडात घातला. ते खात गेले. मी भरवत गेले, मधेच पदरानं, म्हणजे ओढणीनं, त्यांची हनुवटी पुसत गेले. ‘अजून एक, एवढा घ्या, गिळा आधी,’ असं काहीबाही बोलत होते म्हणे मी. माझ्या काही लक्षात नाही. वाडगा संपला तेव्हा आई चुलीपलीकडून आमच्याकडं बघत होती. प्रकाशनं दुधाचे पैसे पुढं केले तर धर्मशाळावालीनं त्याचा हात झटकून टाकला.

परत

दुपारी धुकं उठलं आणि आम्ही उतरलो. डोंगर पुन्हा जिथल्या तिथं, स्वच्छ, काही झालंच नाही अशा थाटात उभे. दाढीवाला जर्मन बस-थांब्यापर्यंत सोबत आला आणि निरोप घेताना बाबांचा हात हातात घेऊन मोठ्या आदरानं म्हणाला, ‘अजी.’ बाबा लाजून लाल झाले. आई तोंडाला पदर लावून बसमध्ये चढली. पिवळी बस, भोंगा, आगगाडी, आणि दिवेलागणीला आम्ही घरी.

मी अंघोळ करून नेहमीसारखा आमच्या दोघांचा स्वयंपाक केला. साधं वरण, भात, वांग्याची भाजी. आईनं तिचं पातेलं काढलं, ज्वारीच्या पिठाचा डबा उघडला. तेवढ्यात बाबा आत आले, टेबलाशी बसले आणि माझ्याकडं बघून म्हणाले, ‘वाढ.’

मला वाटलं आईला म्हणताहेत. आई म्हणाली, ‘थांबा ना जी, भाकर टाकतो आता.’

‘तुले नाही म्हणून राहिलो. बेबीले म्हटलं. काय केलं तू? तेच वाढ.’

प्रकाश दारात तसाच उभा. माझ्या हातात डाव होता, तो वर उचलायचा की खाली ठेवायचा हे मला कळेना. मीच शेवटी म्हटलं, ‘बाबा, तुमची रीत?’

बाबांनी ताट जवळ ओढलं. ‘रीत काय म्हणते? लेक माय झाली का मंग तिच्या घरी जेवाव. सकाळी तू मले भरवलं, तोंड पुसलं, वरतून रागावली बी. माय का यापरीस येगळी असते?’ मग आवाज जरा खाली आणून, ‘वाढ आता. थंडं होऊन राहिलं.’

मी वाढलं. वरण टेबलावर सांडलं. आई अजून पिठाच्या डब्याशीच उभी होती. तिनं डब्याचं झाकण खाडकन लावलं, खुर्ची ओढली आणि म्हणाली, ‘मलेबी वाढ वो बाई. तीन हप्त्यापासून याइच्या तोंडाकडं पाहून राहिली मी, हे कवा हाव म्हणते म्हणून.’

डोंगराचं मला आज फारसं आठवत नाही. गुलाबी बर्फ आठवतो, कांद्याची मॅकरोनी आठवते. फोटोंत निम्म्यात धुकं आहे. तुम्ही जाल तेव्हा जास्त नशीबवान ठरा. बाबांच्या शिध्यातलं ज्वारीचं पीठ माझ्याकडंच राहिलं, त्याच्या भाकरी मी पुढं महिनाभर पुरवून पुरवून केल्या. आईनं सौंसरला गेल्या गेल्या जामसावळीला जाऊन अकरा नारळ फोडले.

पुढं आम्ही पांढुर्ण्याला परत आलो, इथंच घर बांधलं. मूल आम्हाला झालं नाही. बाबा शेवटपर्यंत दर आठ-पंधरा दिवसांनी सौंसरहून बसनं यायचे, आणि चपला काढता काढता दारातूनच विचारायचे, ‘बेबी, काय केलं आज?’